.४५० सोडून .४७० कशाला? जुन्या शिकारी रायफली आणि काडतुसांच्या आकड्यांमागचं कारण

प्रश्न थोडक्यात असा आहे: पणजोबा घाटावरच्या एका संस्थानात शिकारखान्याकडे नोकरीला, त्यांची इंग्लिश दुनळी रायफल आज वडिलांच्या लायसनवर घरात आहे, नळ्यांच्या खालच्या बाजूला ".४७०" आणि "कॉर्डाइट ७५-५०० मॅक्स" असं कोरलेलं, आणि सोबत एक पत्र्याचा डबा ज्यात .३१५ ची काडतुसं, कागदी बारा बोअर आणि दोन-चार हिरवी पडलेली पितळी. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्यात. एक, .४५०, .४६५, .४७०, .४७५, .४७६ असे एकमेकांना चिकटलेले आकडे इंग्रजांनी कशासाठी काढले, आणि दोन, ही रायफल आणि ही काडतुसं आज वापरता येतील का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते महत्त्वाचं आहे. डब्यातलं एकही काडतूस कुठल्याही बंदुकीत घालू नका. का ते खाली येईल.

आता आकड्यांचं. बंदुका दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि लोक जुनी रायफल घेऊन आले की मेकर कोण, किंमत किती, वाघ किती मारले असले प्रश्न विचारतात, पण नळीवरचा आकडा असाच का हे फार कमी जण विचारतात. खरं तर तोच सगळ्यात मजेदार भाग आहे, कारण हिंदुस्थानात वापरल्या गेलेल्या जुन्या शिकारी काडतुसांचे आकडे मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांनी ठरवलेच नाहीत, ते सरकारच्या भीतीने ठरवले. तुमची .४७० ही त्याचीच औलाद आहे आणि डब्यातली .३१५ पण.

आधी आकडा वाचायचा कसा ते बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. बारा बोअर म्हणजे त्या नळीत बरोब्बर बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात बारा होतात, म्हणून आकडा लहान तेवढी नळी मोठी. बारा बोअरची नळी साधारण १८.५ मिलिमीटर. फोर बोअर म्हणजे पाव पौंडाची एक गोळी, ११३ ग्रॅम, हो एकच गोळी. रायफलीत मात्र आकडा इंचात असतो, .४७० म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी ४७० भाग, आणि हा आकडा पण अगदी मोजून घेतलेला नसतो बरं का, .४७० ची गोळी प्रत्यक्षात .४७४ च्या आसपास भरते, .३०३ ची .३११. थोडक्यात आकडा हे नाव आहे, माप नाही. आणि ब्रिटिश पद्धतीत दोन आकडे असले, म्हणजे .४५०/.४००, तर .४५० च्या पितळी केसचं (दारू-गोळी धरणाऱ्या काडतुसाच्या नळकांड्याचं) तोंड आवळून त्यात .४०० ची गोळी बसवलीय असं समजायचं. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचं .५७७/.४५० पण तसंच, .५७७ ची केस, .४५० ची गोळी.

सरकारी भीती सुरू होते १८५७ पासून. एन्फिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलीय, ती परत सांगत नाही. त्यानंतर काय झालं ते कमी लोकांना माहितीय. देशी पलटणींसाठी १८५८ चं वेगळं पॅटर्न काढलं, एन्फिल्डसारखीच दिसणारी बंदूक पण नळी आतून .६५६ इंचाची आणि गुळगुळीत, म्हणजे रायफलिंगच (गोळीला गिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) नाही, लांबवर नेम लागूच नये अशी सोय. पुढे पण हाच शिरस्ता राहिला, गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी आली तेव्हा देशी शिपायाला स्नायडर, गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा याला मार्टिनी. कायम एक पिढी मागे. मग १८७८ चा आर्म्स अॅक्ट आला, लॉर्ड लिटनच्या काळातला, त्यात हिंदी माणसाला लायसनची सक्ती आणि युरोपियनांना सूट, काँग्रेसने नंतर वर्षानुवर्षं याविरुद्ध ठराव केले.

कोकणातल्या लोकांना हे लगेच कळेल. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे घराघरात शेतीसंरक्षणाच्या ज्या बंदुका आहेत त्यातल्या कितीतरी आजही ठासणीच्या एकनळी आहेत, निवडणूक लागली की पोलिस ठाण्यात नेऊन जमा करायच्या आणि निकालानंतर परत आणायच्या. वरून दारू ओता, चिंधी ठासा, छर्रे टाका, परत ठासा, मग केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसवा. एक बार उडवला की दुसऱ्यासाठी डुक्कर थांबत नाही. आणि हीच अडचण कायद्याला सोयीची आहे, १९५९ च्या आर्म्स अॅक्टच्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख करून तिचं लायसन सोपं ठेवलंय. म्हणजे युरोपात दीडशे वर्षांपूर्वी मोडीत निघालेलं तंत्र आपल्याकडे कायद्याने जिवंत ठेवलं, कोकणी माणूस जुन्या वळणाचा म्हणून नाही.

तिकडे युरोपात काय चाललं होतं ते भराभर सांगतो. पॅरिसच्या लफोशोने १८३० च्या दशकात मागून भरायची बंदूक आणली, काडतुसाच्या कडेला एक पिन बाहेर आलेली असायची, बंदुकीचा घोडा, म्हणजे हॅमर, त्या पिनेवर पडायचा. पिनफायर म्हणतात ते हे. खिशात असली काडतुसं घेऊन घोड्यावर बसणं म्हणजे आपल्या जिवाशी खेळ. मग टोपी बुडाच्या मध्यभागी गेली, लंडनच्या डॉने १८६१ मध्ये सेंटरफायर विकायला काढलं, आणि आजही बारा बोअर त्याच आकाराचं आहे, काही बदललं नाही मुळात. लष्करात १८६६ ला स्नायडर आली, तिचं काडतूस वूलिचच्या बॉक्सरने केलेलं, पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून. १८७१ ला मार्टिनी-हेन्री, ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची गोळी. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, ४८० ग्रेन म्हणजे ३१ ग्रॅमच्या आसपास. पत्र्याच्या गुंडाळीची केस गरम चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) चिकटायची, सुदानच्या लढाईत १८८५ मध्ये अबू क्लेआला सैनिकांना याचा फार त्रास झाला, मग सलग ओढून काढलेल्या पितळी केस आल्या.

शिकारीत काळ्या दारूची एक अडचण होती. दारू वाढवून वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, म्हणून मोठ्या जनावराला मोठी गोळी हाच उपाय, त्यामुळे हत्ती-गव्याला आठ बोअर, फोर बोअर. फोर बोअर रायफल नऊ-दहा किलोची, उडवली की खांदा जातो आणि समोर धुराचा पडदा, जनावर पडलं की आपल्यावर येतंय ते धूर हलेपर्यंत कळत नाही. हरणं, वाघ यांच्यासाठी उलटा विचार झाला, गोळी हलकी आणि पोकळ, दारू भरपूर, त्यामुळे वेग जास्त. १८५० च्या दशकात लंडनच्या पर्डीने अशा रायफलीला एक्स्प्रेस ट्रेनवरून नाव दिलं आणि ते नाव कायमचं चिकटलं, "एक्स्प्रेस". आपल्याकडे जुने लोक नुसतं "येक्स्प्रेस" म्हणायचे, म्हणजे साहेबाची भारी रायफल. .४५० आणि .५०० हे काळ्या दारूच्या एक्स्प्रेसचे खूप चाललेले बोअर.

मध्येच एक आवडीची गोष्ट सांगून टाकतो. पॅराडॉक्स. कर्नल फॉस्बेरी, हिंदुस्थानच्या लष्करातला व्हिक्टोरिया क्रॉसवाला अधिकारी, याने १८८५ मध्ये पेटंट घेतलं की बारा बोअरची नळी सगळी गुळगुळीतच ठेवायची आणि फक्त तोंडाजवळच्या शेवटच्या दोन-एक इंचांत रायफलिंग करायचं. हॉलंड अँड हॉलंडने ती बनवली. एकाच बंदुकीतून सकाळी तित्तर आणि दुपारी अस्वल. हिंदुस्थानात जंगलात चालताना समोर काय येईल सांगता येत नाही, त्यासाठी याच्याइतकी शहाणी बंदूक कोणी केली नाही असं माझं मत आहे, आणि दुनळी रायफलींच्या मागे धावणारे संग्राहक पॅराडॉक्सकडे का बघत नाहीत हे मला आजवर कळलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू काढली आणि सगळा खेळ बदलला. इंग्रजांनी १८८९ ला कॉर्डाइट काढलं, शेवयांसारख्या दोऱ्या असतात त्याच्या. .३०३ रायफल आली १८८८ ला, गंमत म्हणजे सुरुवातीला तिच्यात काळीच दारू, कॉर्डाइट १८९१ पासून. १८८७ पासून एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याचा सुपरिटेंडंट होता जॉन रिग्बी, मूळचा डब्लिनच्या बंदूकवाल्या घराण्यातला. त्याला कॉर्डाइट कसं वागतं हे आतून माहीत. सरकारी नोकरीतून बाहेर पडल्यावर त्याने आणि त्याच्या फर्मने काळ्या दारूची जुनी .४५० ची सव्वातीन इंची केस घेतली, त्यात ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची निकेलच्या आवरणाची गोळी घातली, वेग सेकंदाला २१५० फूट. १८९८ साल. .४५० नायट्रो एक्स्प्रेस, नायट्रो म्हणजे बिनधुराची दारू. पाच किलोच्या रायफलीत ते काम झालं ज्यासाठी आधी दहा किलोची तोफ उचलून न्यायला दोन माणसं लागत. धूर नाही, त्यामुळे दुसरा बार लगेच. फोर आणि आठ बोअरचा जमाना इथे संपला.

सगळ्यांनी .४५० बनवायला घेतलं, हिंदुस्थान आणि आफ्रिका ही दोनच गिऱ्हाइकं, धंदा जोरात. आणि १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफली-काडतुसांची आयात बंद केली!

कारण मार्टिनी-हेन्री. लष्कराने वापरून सोडलेल्या, चोरीला गेलेल्या, मस्कतहून मकरानच्या किनाऱ्यावर गलबतांनी उतरवलेल्या मार्टिनी वायव्य सरहद्दीवर टोळ्यांच्या हातात ढिगाने होत्या, खैबरकडचे कारागीर तर तशाच नकला घरी घडवत. रायफल आहे पण काडतूस मिळत नाही अशी त्यांची अवस्था, आणि शिकारीच्या .४५० काडतुसातली गोळी मार्टिनीसाठी कामाला येईल अशी सरकारला धास्ती. म्हणजे विचार करा, एका गोळीची किंमत बघता कोण पठाण लंडनची महागडी नायट्रो काडतुसं फोडून मार्टिनी भरणार होता? पण सरकारी हुकूम तो सरकारी हुकूम.

मग लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रत्येक फर्मने वकिली डोकं चालवलं. .४५० बंद आहे ना, ठीक, आम्ही .४६५ देतो. हॉलंडने .५००/.४६५ काढलं, जेफ्रीने .४७५ नंबर टू, वेस्टली रिचर्ड्सने .४७६, आणि जोसेफ लँग या फर्मचं .४७०, जे तिने आधीच आखून ठेवलं होतं ते आता बाजारात जोरात आलं. सगळ्यांचं काम एकच, ४८० ते ५२० ग्रेनची गोळी २१५० फुटांच्या आसपास फेकायची, गव्याला यातल्या कुठल्यानेही फरक पडत नाही. फरक एवढाच की एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत जात नाही, आणि मेकरला तेच हवं होतं. त्यातलं .४७० आज टिकून राहिलं त्याचं कारण ते सगळ्यात चांगलं होतं असं नाही, लँगने ते स्वतःपुरतं न ठेवता बाकीच्या बंदूकवाल्यांना खुलं केलं, म्हणून दहा जणांनी त्या बोअरच्या रायफली केल्या आणि काडतूस बनवणाऱ्याला परवडत राहिलं. बाकीच्यांची काडतुसं शोधताना आज मालकांच्या नाकी नऊ येतात.

.४५०/.४०० मात्र बंदीतून सुटलं कारण नावात ४५० असलं तरी गोळी .४०० ची. म्हणून हिंदुस्थानात दुनळी रायफलींमध्ये हे फार दिसतं, वाघ-अस्वलाला पुरेसं, धक्का सोसण्यासारखा. जिम कॉर्बेटची दुनळी याच बोअरची होती, जेफ्रीची. त्याची दुसरी, .२७५ रिग्बी, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नर हेवेटने त्याला भेट दिली. ती .२७५ म्हणजे मुळात जर्मन ७ बाय ५७ माउझर, जी दक्षिण आफ्रिकेच्या बोअर युद्धात बोअर लोकांनी (नळीचा बोअर नव्हे, तिथले डच वंशाचे शेतकरी) इंग्रजांवरच वापरली होती, रिग्बीने इंची नाव देऊन साहेबांना विकली.

आता डब्यातली .३१५. हिच्यामागे पण तेच डोकं आहे, फक्त स्वस्तातलं. .३०३ लष्कराचा बोअर, तो सामान्य माणसाच्या हाती नको, कारण लष्करी गोदामातून काडतुसं पळवली की ती लगेच चालणार. मग खाजगी माणसाला असा बोअर द्या ज्याचं काडतूस हिंदुस्थानातल्या कुठल्याही पलटणीकडे नसेल. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराचं मानलिखर ८ मिलिमीटर, ८ बाय ५० रिमवालं, ते उचललं. ८ भागिले २५.४ करा, .३१५ येतं, एवढंच त्या नावाचं रहस्य. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने अशा रायफली इकडे पाठवल्या, पुढे इशापूरच्या रायफल फॅक्टरीने .३०३ च्याच ली-एन्फिल्ड अॅक्शनवर (काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या यंत्रणेवर) .३१५ ची नळी लावून स्पोर्टिंग रायफल काढली, ऑस्ट्रियाने ते काडतूस कधीच टाकून दिलं पण आपल्याकडे ती आजही लायसनवर मिळणारी सर्वसामान्य रायफल आहे. विदर्भात, मराठवाड्यात जमीनदारांच्या घरी "तीनशे पंधरा" म्हणून जी असते ती हीच. गोरं सरकार गेलं तरी नियमाचा ढाचा तोच राहिला, आजच्या प्रोहिबिटेड बोअरच्या यादीत .३०३ आणि ७.६२ रायफल आहे, .४१० मस्केट आहे जी .३०३ च्या केसला तोंड न आवळता सरळ ठेवून पोलिसांसाठी केलेली होती, आणि तर्क एकच, सरकारी काडतूस ज्यात जाईल ते नागरिकाला नाही.

तुमच्या .३१५ च्या बुडावर बहुतेक "के एफ" असेल, मध्ये बाणाचा शिक्का असला तर जुनं. ही खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी, आपल्या पुण्यातली, १८६९ पासूनची. "ओ एफ व्ही" असेल तर वरणगाव, जळगाव जिल्हा, ती १९६० च्या दशकातली. देशभरच्या लायसनधारकांची .३१५ आणि बारा बोअर काडतुसं कित्येक वर्षं आपल्या महाराष्ट्रातून जातायत. बारा बोअरवर "कायनॉक" किंवा "इली" असेल तर विलायती, आणि कागदी नळी फुगलेली असेल तर तिने पुष्कळ पावसाळे बघितलेत. या फुगण्यावर उपाय म्हणून इलीने पेगामॉइड नावाचं पाणी न शिरणारं काडतूस काढलं होतं, आणि काहींनी सगळी नळीच पितळेची केली.

हिरवी पडलेली पितळी, त्याबद्दल जरा थांबून सांगतो. इंग्रजांच्या फौजेला हिंदुस्थानात एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात मोहिमा बंद, काडतुसांच्या पेट्या कोरड्या जागेत म्हणजे घोड्यांच्या पागेत ठेवायच्या, आणि पावसाळा संपल्यावर पेटी उघडावी तर न उडवलेल्या काडतुसांच्या पितळी केसना तोंडापाशी उभे तडे. कोणी हात लावलेला नाही, पडलेलं नाही. दर मोसमात होतं म्हणून याचं नावच सीझन क्रॅकिंग पडलं. उलगडा व्हायला १९२१ उजाडलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, त्यात हवेतली ओल, आणि केस ओढून काढताना पितळेत अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ आपोआप चिरतं. उपाय सोपा निघाला, तोंडाकडचा भाग तापवून ताण घालवायचा, लष्करी पितळी केसच्या तोंडावर जी निळसर-तांबूस झाक दिसते ती त्याचीच. तुमचा डबा गोठ्याच्या वरच्या माळ्यावर किंवा खताच्या पोत्यांशेजारी होता का ते घरात विचारा.

तडा गेलेली केस उडवली तर गॅस मागे येतो, म्हणजे तुमच्या डोळ्यांकडे. शिवाय जुन्या टोप्यांत पाऱ्याचं फल्मिनेट असायचं, ते उडाल्यावर पितळ आतून ठिसूळ करतं, आणि क्लोरेटवाल्या टोप्यांमधून नळीत मिठासारखा क्षार उरतो जो ओल ओढतो. नुसतं तेल मारून तो जात नाही, म्हणून जुने शिकारी कॅम्पवर आल्याबरोबर किटलीने नळीत कढत पाणी ओतायचे, मग कोरडी चिंधी, मग तेल. कोकणात ज्यांनी हे केलं त्यांच्या नळ्या आजही आरशासारख्या आहेत, ज्यांनी नाही केलं त्यांच्या नळीत आतून देवीचे व्रण. काडतुसं चमकवायला ब्रासो, चिंच असलं काही लावू नका, उघडून दारू बघायच्या फंदात तर अजिबात पडू नका.

तुमच्या रायफलीवरचं "कॉर्डाइट ७५-५०० मॅक्स" म्हणजे जास्तीत जास्त ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी एवढ्यावर प्रूफ केलेली, म्हणजे जास्त दाबाने उडवून नळी तपासून शिक्का मारलेली. दुनळी रायफलीत दोन नळ्या समांतर नसतात, पुढे किंचित जवळ येतात, आणि कारागीर त्या अशा जुळवून झाळतो की ठरलेल्या भरण्याने दोन्ही गोळ्या ठरलेल्या अंतरावर एकाच जागी जाव्यात. प्रत्येक रायफलीसाठी रेंजवर उडवून, झाळ सोडवून, परत जुळवून, परत उडवून. किंमत जाते ती या कामाला, चांदीच्या नक्षीला नाही. भरणं बदललं की डावी-उजवी गोळी फाकते. आणि आपल्या उन्हाळ्यात कॉर्डाइटचा दाब वाढतो, लंडनच्या हिवाळ्यात बरोबर असलेलं काडतूस मे महिन्यात चंद्रपूरकडे केस चेंबरमध्ये चिकटवून ठेवायचं, त्यामुळे मेकर उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसं देत आणि डब्यावर तसं छापत.

बारा बोअरची दुनळी पण घरात असेल तर नळीवर भोवऱ्यासारखी वळणं दिसतात का बघा. ती दमास्कस, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन गुंडाळून बनवलेली, बहुतेक काळ्या दारूसाठी प्रूफ केलेली. खाली मुकुटाखाली "एन पी" (बर्मिंगहॅम) किंवा तलवार धरलेल्या हाताखाली "एन पी" (लंडन) असेल तर नायट्रो दारूचं प्रूफ झालंय. पोलादी नळी आणि एन पी असूनही चेंबर ६५ मिलिमीटरचं असू शकतं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं, उडाल्यावर ते उलगडून पुढे जातं आणि नळीच अरुंद करतं. बसलं म्हणजे चालेल असं नाही, गावाकडे बंदुकीच्या तोंडाशी नळी फाटल्याची जी उदाहरणं सांगतात त्यांत चिखल शिरलेला असतो, पण चेंबरपाशी फाटलेली असली तर मी आधी हे मोजतो.

आता कायद्याचं. लायसन .४७० चं आहे तर काडतुसं पण त्याचीच आणि लायसनवर लिहिलेल्या संख्येइतकीच ठेवता येतात, .३१५ आणि बारा बोअरची काडतुसं त्या लायसनमध्ये बसत नाहीत. जुनी आहेत, उडणार नाहीत हा बचाव चालत नाही. पोलिस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे लेखी अर्ज देऊन जमा करा आणि पोच घ्या. "अँटिक आहे, लायसन लागत नाही" असं बरेच जण सांगतात, कलम ४५ मधली सूट फक्त दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे, तुमची .४७० नीट उडणारी दिसतेय, तिला लागत नाही असं समजू नका. वडिलांच्या नंतर ती तुमच्या नावावर करायची तर वारसा म्हणून अर्ज होतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, हे घरात आत्ताच बोलून ठेवा. शिकारीचा तर प्रश्नच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो विषय संपवला.

रायफल उडवायचीच असेल तर आधी चांगल्या गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून घ्या, नळ्यांमधली पट्टी कुठे सुटलीय का ते टिचकी मारून ऐकायला सांगा (घट्ट नळ्या घंटेसारख्या वाजतात, सुटलेल्या बद्द), कुंद्याच्या मानेवरचा तडा बघायला सांगा, भारी बोअरमध्ये तिथेच आधी जातं. .४७० ची काडतुसं नवीन बनतात पण आयात करावी लागतात आणि फार महाग पडतात. आणि नळ्यांखालच्या सगळ्या खुणांचे आणि सिरियल नंबरचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स या फर्मच्या जुन्या वह्या अजून शाबूत आहेत, तुमचा मेकर त्यातला असेल तर फी भरून नंबर कळवला की रायफल कधी पुरी झाली, कोणाच्या नावावर गेली, कुठल्या भरण्यावर जुळवली ते लिहून पाठवतात. संस्थानाने थेट मागवली होती की कुठल्या साहेबाने जाताना विकली, हे घरातल्या सांगोवांगीपेक्षा त्या वहीतून नक्की कळेल.